सुशीचं जुनं खातं

माझ्या लहानपणी सुशी म्हणजे सुशीला. प्रत्येक घराण्यात एखादी सुशीआत्या किंवा सुशीमावशी असायचीच, आणि ती स्वभावाने आंबट असली तरी तिला कुणी खात नसे. आता मात्र आमच्या शाखेत नव्याने लागलेला मुलगा सोमवारी सकाळी काउंटरवर बसता बसता सांगतो, "काल आम्ही सुशी खाल्ली," आणि कुणीही पोलिसांना फोन करत नाही. उलट तीन जण विचारतात, "कितीला पडली?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मी बी. कॉम. झालेला, बँकेत कारकुनी करणारा माणूस. इतिहासाकडे मी राजा, सेनापती आणि लढाई अशा क्रमाने बघू शकत नाही. मला दोनच बाजू दिसतात, एक जमा आणि एक नावे. कुणी काय ठेवलं, कुणी काय काढलं, आणि व्याज शेवटी कुणाच्या पदरात पडलं? या पद्धतीने सुशीचं खातं तपासायला घेतलं तर ते तेराशे वर्षांचं निघालं. इतकं जुनं खातं आमच्या शाखेत असतं तर एव्हाना त्याची केवायसी मागून मागून आम्ही ते बंद पाडलं असतं.

आधी एक खुलासा. सुशी म्हणजे कच्चा मासा, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. कच्चा मासा नुसता, भाताशिवाय, नीट कापून ताटात मांडला तर ती साशिमी. सुशी हा शब्द आंबटपणावरून आला आहे आणि तो आंबटपणा भाताचा. भातावर मासा ठेवा, अंड्याची वडी ठेवा, नाहीतर काकडी ठेवा, भात आंबट आहे तोवर ती सुशीच. म्हणजे या खात्याचा पहिला धारक भात. मासा जॉइंट होल्डर.

गंमत अशी की, पहिल्या धारकाला सुरुवातीची कित्येक शतकं कुणी विचारतच नव्हतं. ही युक्ती मुळात जपानचीही नव्हे. आग्नेय आशियात, मेकाँगच्या खोऱ्याकडे, भात पिकवणाऱ्या लोकांनी ती काढली असं अभ्यासक मानतात. पावसाळ्यात शेतात पाणी आणि पाण्यात मासेच मासे, पुढे ठणठणाट. मग मासा साफ करायचा, मीठ चोळायचं, शिजवलेल्या भातात पुरायचा आणि वर दगड ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटात मासा टिकतो. कोकणात आम्हाला ऊन फुकट मिळतं म्हणून आम्ही सुकट केली, त्यांनी भात वापरला, एवढाच फरक. काही महिन्यांनी पिंप उघडायचं, मासा खायचा आणि भात चक्क टाकून द्यायचा. आंबा पोचला की पेंढा फेकतात, तसा.

जपानात बिवा नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी ही जुनी पद्धत अजून चालू आहे. तिला फुनाझुशी म्हणतात. अंड्यांनी भरलेला गोड्या पाण्यातला मासा आधी काही महिने मिठात, मग उन्हाळ्यात भातात, आणि त्यानंतर नवीन वर्षाच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा ताटात. याला आमच्या भाषेत मुदत ठेव म्हणतात. मुदतीपूर्वी मोडली तर नुकसान ठेवीदाराचं. मुदत संपल्यावर जो वास सुटतो त्याची तुलना जाणकार लोक जुन्या मुरलेल्या चीजशी करतात. जाणकार नसलेले लोक तुलना करायला थांबत नाहीत.

ही ठेव इतकी भरवशाची होती की सरकारने ती करापोटी घ्यायला सुरुवात केली. इ. स. ७१८ मध्ये जपानात योरो नावाची कायद्याची संहिता तयार झाली. तीत कर म्हणून भरायच्या मालात सुशीचा उल्लेख आहे. पुढे ९२७ साली पुऱ्या झालेल्या एंगिशिकी या ग्रंथातही कुठल्या प्रांताने कुठली सुशी पाठवायची याच्या नोंदी आहेत. मला त्या काळच्या कोषागारातल्या माझ्या जातभाईची फार दया येते. एका हाताने नाक धरायचं आणि दुसऱ्या हाताने पावती फाडायची. शेवटी मोजताना एखादं पिंप कमी भरलं तर फरक स्वतः खाऊन भरायची सोय नाही. तो फरक आधीच कुणीतरी खाल्लेला असायचा.

मग माणसाला घाई झाली. इतिहासातल्या बऱ्याच सुधारणा घाईपोटी झालेल्या आहेत. वर्षभर कोण थांबतो, म्हणून लोक पिंप लवकर उघडू लागले. मासा अर्धाकच्चा आणि भात जेमतेम आंबलेला. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हा भातसुद्धा बरा लागतो. झालं! शेकडो वर्षं उकिरड्यावर जाणारा भात पंगतीला बसला. पुढचं पाऊल आणखी सोपं होतं. भात आंबेपर्यंत थांबायचंच कशाला? वरून व्हिनेगर घाला.

इथे एका धोरणी माणसाचं नाव घेतलं पाहिजे. हांडा गावच्या नाकानो माताझाएमोन यांचा साके गाळण्याचा धंदा होता. साके गाळल्यावर उरलेल्या चोथ्यापासून त्यांनी १८०४ साली व्हिनेगर करायला घेतलं. ते स्वस्त होतं, रंगाने तांबूस होतं, आणि जहाजाने एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जात होतं. टाकाऊ चोथा जमेच्या बाजूला नेऊन बसवणं याला आमच्या परीक्षेत दहा मार्क होते.

एदो तेव्हा दहा लाखांच्या घरातलं शहर. सुतार, गवंडी, हमाल आणि गावाकडून पोटासाठी आलेले सडेफटिंग पुरुष यांची तिथे गर्दी. त्यांना लागत होतं झटपट, हातात धरून, उभ्याउभ्या खाता येईल असं काही. १८२० च्या दशकात हानाया योहेई नावाच्या गृहस्थांनी ते दिलं, असं मानतात. तोवर सुशी लाकडी पेटीत दाबून, वजन ठेवून करत. योहेईंनी पेटी बाजूला सारली, आंबट भात मुठीत घेतला, दाबला, वर वासाबीचं बोट लावून माशाचा तुकडा ठेवला आणि गिऱ्हाइकापुढे सरकवला. 'निगिरी' म्हणजे मुठीने दाबलेली. आपण जिला भाताची मूद म्हणतो, तिचीच ही लांबट चुलत बहीण. ही मूद तेव्हा आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असे. दोन-तीन खाल्ल्या की हमाल पुढच्या ओझ्याला मोकळा. थोडक्यात, हा एदोचा वडापाव. खाऊन झालं की लोक गाडीच्या पडद्याला बोटं पुसत, आणि ज्याचा पडदा जास्त मळका त्याचा माल जास्त चांगला असं समजत, अशी आठवण सांगतात. हॉटेलांना तारे देण्याची ही पद्धत मला आजच्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

पण कुठल्याही स्वस्त खाण्याचं नशीब एकच. ते आवडायला लागलं की महाग होतं. पंधरा-वीस वर्षांत काही दुकानांची सुशी इतकी भारी झाली की १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला काटकसरीचे हुकूम निघाले तेव्हा चैनीचा माल विकल्याबद्दल सुशीवाल्यांच्या हातात बेड्या पडल्या. त्यात योहेईही होते म्हणतात. ज्या मुठीने मूद दाबली तीच मूठ सरकारने दाबली.

साशिमीची कथा वेगळी. ती जास्त खानदानी. साशिमी म्हणजे शब्दशः 'टोचलेलं अंग'. या नावाचं एक कारण असं सांगतात की, कापणं हा शब्द शस्त्र बाळगणाऱ्या लोकांना जेवताना अशुभ वाटे. यात आपल्याला हसण्यासारखं काही नाही. आपण नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. बांगडीही फुटत नाही, 'वाढते'. जीभ चाचरली की भाषा सुंदर होते, हे टोकियोलाही खरं आणि तासगावलाही.

शब्दांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. सुशीच्या दुकानात भाताला 'शारी' म्हणतात. तो शब्द आपला आहे! संस्कृतातल्या 'शरीर' शब्दाचं बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेलं हे रूप. तिथे त्याचा अर्थ बुद्धाच्या अस्थी, आणि पांढऱ्या शुभ्र शितांना त्या अस्थिकणांची उपमा मिळाली. मुदीतलं एकही शीत वाया घालवू नये हे सांगायला याहून मोठा उपदेश नको.

आणि शितांना खरोखर अस्थींचा मान मिळावा असे दिवस पुढे आलेच. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो उद्ध्वस्त झालं. कारागीर आपापल्या गावी पांगले आणि एदोची मूद त्यांच्याबरोबर देशभर गेली. मग युद्ध आलं आणि हरलं. तांदळाला रेशन होतं. १९४७ साली सरकारने जवळपास सगळी खाणावळी-हॉटेलं बंद करण्याचा हुकूम काढला. सुशीवाल्यांनी दुकानाला कुलूप लावायचं की नाही?

त्यांनी डोकं लढवलं. टोकियोच्या सुशीवाल्यांच्या संघटनेने सरकारला सांगितलं की आम्ही अन्न विकतच नाही. गिऱ्हाइकाने आपल्या रेशनचा एक गो तांदूळ आणावा, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. आम्ही त्याला दहा सुशी करून देऊ आणि घेऊ ती फक्त करणावळ. आपण गिरणीत दळण नेतो आणि दळणावळ देतो, अगदी तसंच. सरकारने हे मान्य केलं. बाकीच्या प्रांतांनी हीच सवलत उचलली, आणि मूठ-सुशी हीच देशाची सुशी झाली. आज एका माणसाच्या ताटात साधारण जेवढे नग येतात त्याचं माप त्या वाटीभर तांदळाने घालून दिलेलं आहे.

माझ्या मते सुशीच्या सगळ्या खात्यातली ही सर्वांत मोठी नोंद. बाकीच्या सगळ्या नोंदी तिच्यापुढे किरकोळ.

किरकोळ असल्या तरी मजेदार आहेत. शिराइशी योशिआकी यांना ओसाकाजवळच्या आपल्या स्वस्त दुकानात पुरेसे वाढपी परवडत नव्हते. बियरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जाताना त्यांनी पाहिल्या आणि १९५८ साली स्वतःच्या दुकानात बश्या फिरत्या केल्या. पट्ट्याचा वेग सेकंदाला ८ सेंटिमीटर. त्याहून जोरात गेला तर सुशी सुकते आणि माणूस बावचळतो, हळू गेला तर माणूस कंटाळतो. बशीच्या रंगावरून किंमत, आणि शेवटी रिकाम्या बश्यांची चळत मोजली की बिल तयार. व्हाउचर स्वतःच टेबलावर बसलेलं असतं. ही पद्धत काढणाऱ्याला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करतो.

१९६० च्या दशकात सुशी लॉस एंजेलिसला गेली. तिथे टूनाचं चरबीदार मांस बाराही महिने मिळेना, तेव्हा त्याजागी ॲव्होकाडो आला, आणि समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदाला लोक बिचकतात म्हणून तो आत दडवून भात बाहेर काढला. हाच कॅलिफोर्निया रोल. त्याचा जनक मीच, असं म्हणणारे एकाहून जास्त आहेत. यशाला वारसदार फार. जपानी माणूस कच्चा सामन खात नसे, कारण त्यांच्या समुद्रातल्या सामनमध्ये जंत. तो खायला शिकवला नॉर्वेने, १९८५ पासून मोहीम काढून, कारण त्यांच्याकडे पाळलेला सामन शिलकीत पडला होता. आज ज्याला लोक अस्सल जपानी चव म्हणून डोळे मिटून खातात, त्यातला निम्मा माल असा दुसऱ्याच्या शिलकीतून आलेला आहे.

आणि टूना! आमच्याकडे कोकणात त्याच्या कुळातल्या माशाला कुपा म्हणतात. आमच्या घरी कुप्याला सुरमईच्या पंगतीला बसवत नसत. एदोतही तेच. तो लवकर नासे, म्हणून त्याचं लाल मांस सोयाच्या रसात मुरवून खपवत. पोटाकडच्या चरबीला तर तिथे नाव पडलं होतं की, मांजरसुद्धा ओलांडून जाईल. कॅनडात हौशी लोक प्रचंड ब्लूफिन टूना गळाला लावून फोटो काढत आणि मासा जमिनीत पुरून टाकत. त्याच सुमारास जपानची मालवाहू विमानं अमेरिका खंडाकडे रेडिओ आणि कॅमेरे भरून जात आणि परत येताना रिकामी येत. आपल्या ट्रकवाल्यांना रिटर्न भाड्याची किंमत कळते, तशी ती जपान एअरलाइन्समधल्या ओकाझाकी अकिरा यांनाही कळली. १४ ऑगस्ट १९७२ रोजी विमानाने आलेल्या कॅनडाच्या टूनाचा टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलाव झाला. तिथून मांजराने ओलांडलेला मासा जो उठला तो थांबलाच नाही. बाजार २०१८ साली तोयोसूला हलला, आणि जानेवारी २०१९ च्या वर्षारंभाच्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनना गेला. मी भागाकार करून पाहिला. किलोला १२ लाख येन. बाकी शून्य.

हा सगळा हिशेब मी ऐकवला तो एका जपानी हॉटेलात, माझ्या सासऱ्यांना. मेव्हणा दोन वर्षं योकोहामाला नोकरी करून परतला होता आणि मुंबईत सगळ्यांना जेवायला घेऊन गेला. सासरे बीड जिल्ह्यातले, निवृत्त शिक्षक, गळ्यात तुळशीची माळ. पाय आत टाकताच त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भात शिजवलेला असतो ना? मग झालं."

मेव्हण्याने त्यांच्यासाठी काकडीचा रोल मागवला. त्याला काप्पा म्हणतात, काप्पा हे काकडीचं वेड असलेलं पाण्यातलं भूत. "अण्णा, सूप मात्र घेऊ नका, त्यात वाळवलेल्या माशाचा अर्क असतो," असंही त्याने बजावलं. मला त्याने धडे दिले. "दाजी, हातानं खा, चालतं. सोयात भात बुडवायचा नाही, मासा बुडवायचा. एका घासात संपवायची. आलं मध्ये मध्ये, तोंड साफ करायला." वासाबी मला नवी वाटली नाही. ती मोहरीच्या कुळातली, आणि ज्याच्या घरी मोहरी फेसली जाते त्याचं नाक या परीक्षेतून आधीच पास झालेलं असतं. साशिमीही आली. मी विचारलं, "ताजा आहे का?" मेव्हणा म्हणाला, "दाजी, बहुतेक मासा आधी गोठवलेला असतो. उणे वीस अंशांवर सात दिवस ठेवला की जंत मरतात." आमच्या बाजारातल्या कोळणीने हे ऐकलं असतं तर तिने कोयता घेतला असता.

मग मी वेळ जावा म्हणून त्या वाटीभर तांदळाची गोष्ट सांगितली. नंतर १४ ऑगस्ट १९७२ ची. सासरे काकडीचा घास हातात धरून थांबले.

"बहात्तरच्या ऑगस्टात?" ते म्हणाले. "तवा आमच्याकडं आभाळाकडं बघणं चालू होतं. पुढं मी तळ्याच्या कामावर खडी फोडली. सतरा वर्षांचा होतो. रेशनला तांबडा मिलो यायचा, अमेरिकेचा. भाकरी थापली की फुटायची. कामावर सुकडी मिळायची."

कुणी काही बोललं नाही. मेव्हण्याला हे ठाऊकच नव्हतं. बापाच्या दुष्काळाची चौकशी मुलाने योकोहामाहून परतल्यावर एका जपानी हॉटेलात करावी, असा तो योग होता.

"मिलोची चव अजून जिभेवर आहे," सासरे म्हणाले. "पण जावईबापू, ती कुणी अशी बशीत घालून विकणार नाही. त्या लोकांनी बरं केलं. रेशनचाच तांदूळ नेला, पण खाल्लं ते आपलं खाणं. आम्हाला पोटाला मिळालं, खाणं मात्र दुसऱ्याचं होतं."

मी बँकेत बरीच वर्षं जमा-नावे लिहितो आहे. ही नोंद कुठल्या बाजूला घालावी ते मला तेव्हाही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. भूक तीच, रेशन तेच, फक्त एकीकडे वाटी देऊन माणूस आपली मूद घेऊन आला आणि दुसरीकडे हात पसरून जे मिळेल ते.

तेव्हा, जपानी हॉटेलात जाल तर दबून जाऊ नका. लाकडी काउंटर चकचकीत असेल, कारागीर शस्त्रक्रिया करत असल्यासारखा गंभीर असेल, आणि मेनूतला उजवीकडचा रकाना तुमच्या छातीवर दगड ठेवील, फुनाझुशीच्या पिंपावर ठेवतात तसा. हे खाणं मुळात घाईत असलेल्या हमालाचं आहे. त्यातला भात एके काळी फेकून देत, त्यातला मासा मांजर ओलांडून जाई, व्हिनेगर चोथ्याचं होतं. यातलं काहीच जन्माने श्रीमंत नाही. बिल मागताना मात्र ऐकीव जपानी शब्द फेकू नका. दुकानातल्या माणसांचे शब्द त्यांनाच शोभतात. सरळ मराठीत "किती झाले?" म्हणा, तो प्रश्न जगात कुठेही कळतो.

आणि उठण्यापूर्वी बशीकडे एकदा नजर टाका. एखादं शीत चिकटलेलं असेल तर तेवढं उचलून खा. खातं बंद करण्यापूर्वी शिल्लक शून्य झाली पाहिजे, हा आमच्याकडचा नियम आहे.